वच्छाताईचं अंजीर

चिखलदऱ्याला अंजीर येत नाही, हे आम्हाला सगळ्यांनी सांगून झालं होतं. शाळेच्या शिपायानं सांगितलं, वरच्या बंगल्यांच्या बागा राखणाऱ्या माळ्यानं सांगितलं, आणि बाबा तर भूगोलाचेच मास्तर, त्यांनी फळ्यावर लिहून द्यावं तसं सांगितलं, "अंजिराले कोरडी हवा पायजे, तापलेली जमीन पायजे. इथं चार महिने पाऊस अन् चार महिने थंडी. झाड जगलं तरी फळ नाई धरनार." वच्छाताई मान खाली घालून ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. बाबांचं बोलणं संपलं की ती उठायची आणि रॉकेलच्या डब्यात रोवलेल्या कांड्यांवर ओंजळीनं पाणी शिंपडायची.

वच्छाताई माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे वलगावचे. शेती काका पाहायचे आणि बाबा नोकरीपायी गावोगाव फिरायचे. ताईचं लग्न झालं तेव्हा आम्ही अमरावतीत होतो. तिला अकोल्याला दिली. सासरे वकील, नवराही कोर्टात जाणारा, मागं विहीर असलेलं मोठं घर. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली आणि अकरा महिन्यांची होऊन एका उन्हाळ्यात ती मुलगी हगवणीनं गेली. आई-बाबा अकोल्याला जाऊन आले. त्यानंतर बाबांची बदली चिखलदऱ्याला झाली, आम्ही घाट चढून वर आलो, आणि मला वाटलं ताईचं दुःखही खाली राहिलं. मी चौदा वर्षांची होते. त्या वयात दुसऱ्याचं दुःख गावाच्या नावाशी बांधलेलं असतं, गाव दूर गेलं की तेही दूर जातं.

माघात, दुपारच्या परतवाड्याच्या गाडीनं ताई एकटीच आली. हातात एक ट्रंक आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. आई आधी तिच्या मागं पाहत राहिली, जावई मागून येत असतील म्हणून. कोणी आलं नाही. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं, पण एक अक्षर विचारलं नाही. आई असले प्रश्न बाबांसाठी ठेवायची. बाबा शाळेतून आले, चहा झाला, आणि मग त्यांनी हाक मारली. मी आतल्या खोलीत गणिताची वही उघडून बसले होते. भिंत कुडाची, सगळं ऐकू येत होतं.

"मारतेत काय तुले कोनी?"

"नाई."

"खायले-प्यायले देत नाईत?"

"देतेत."

"जावई दारू पेतेत? बाहेर काही?"

"नाई बाबा."

"मंग झालं काय?"

ताई म्हणाली, "बोलत नाई कोनी माह्याशी."

"कोन बोलत नाई?"

"कोनीच नाई. आठ महिने झाले, बेबी गेली तवापासून. ताट वाढून ठेवतेत, मी जेवतो. धुनं टाकतेत, मी धुतो. आत्याबाईनं सांगतलं, हिच्या हातानं पोरगी गेली, हिच्याशी कोनी बोलू नका. मंग कोनी बोलत नाई. हेपन नाई."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी जेवतो, मी धुतो' असंच म्हणतात. पुण्याकडच्या माणसांना त्याचं हसू येतं. मला आज ती वाक्यं त्या ओकारासकटच आठवतात.

बाबांनी सुस्कारा सोडला. तो दुःखाचा नव्हता, सुटका झाल्याचा होता. मार नाही, उपास नाही, व्यसन नाही. "एवढ्यासाठी कोनी घर सोडून येते काय, वच्छे?" ते म्हणाले. "राह्य चार-आठ दिवस. हवापालट होईन. मंग पोचवून देतो." चार-आठ दिवसांची दोन वर्षं आणि वर काही महिने झाले. त्याचं श्रेय बाबांच्या भिडस्तपणाला आणि त्या अंजिराला. बाबांनी पोचवण्याची गोष्ट काढली की ताई म्हणायची, एवढी कांडी फुटू द्या, एवढा पाऊस निघू द्या, एवढी थंडी सरू द्या. झाडाची सबब बाबांना चालायची. मास्तर माणूस, सुरू केलेला प्रयोग अर्धवट टाकणं त्यांच्या जिवावर यायचं.

पोत्यातून सात कांड्या निघाल्या होत्या. वीतभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाड, खालून तिरक्या कापलेल्या. अकोल्याच्या घरामागं विहिरीजवळ अंजिराचं जुनं झाड होतं, त्याच्या त्या. ताईनं डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली, तळाशी खापऱ्या घातल्या, वर माती, रेती, शेणखत आणि चुलीतली चिमूटभर राख. सातातल्या तीन फुटल्या. एक वांदरानं उपटून नेली. चिखलदऱ्याची वांदरं म्हणजे दुसरी वस्तीच. टिनावरून धाडधाड उड्या मारत जायची तेव्हा छत आता खाली येतं असं वाटायचं. दुसरी कांडी श्रावणात कुजली. तिकडचा श्रावण ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. धुकं खिडकीतून आत यायचं आणि खाटेवर बसायचं. आठ-आठ दिवस कपडे वाळत नसत, मिठाला पाणी सुटे, काडेपेटी आई पोलक्यात ठेवायची. टिनावर पाऊस इतका वाजायचा की जेवताना आम्ही खुणांनी भाकरी मागायचो. त्या ओलीत तिसरा डबा ताईनं उचलून सैपाकघरात आणला आणि चुलीच्या मागं ठेवला. आई चिडली. "मानसाले जागा नाई अन् झाड पोसून राहिली." पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आईनंच भाकरीची परात बाजूला सारून डब्याला जागा करून दिली होती.

पानांवर तांबेरा आला. पानाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं की हळदीसारखी भुकटी हाताला लागायची. ताई एकेक रोगट पान खुडून चुलीत टाकायची. खुडताना देठातून पांढरा चीक निघतो, तो तिच्या बोटांना लागून कातडी सोलली. मी म्हटलं, राहू दे ना ताई, हात पाहा तुझे. ती म्हणाली, "हात काय, येतेत बरे." पौषात सगळी पानं गळाली आणि नुसती काठी उरली. आई म्हणाली, मेलं. ताईनं नखानं साल किंचित खरवडून आईला दाखवली. आत हिरवं होतं. "झोपलं हाय थे," ती म्हणाली.

मग तिनं त्या काठीला कपडे केले. आधी वाळलं गवत भोवती उभं लावलं, त्यावर बारदानाचे दोन फेरे, सुतळीनं सैल बांधलेले, आणि डोक्यावर एक फुटकं मडकं उपडं, दहिवर आत जाऊ नये म्हणून. त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी गवतावर पांढरा थर दिसायचा, चुन्याचा हात फिरवल्यासारखा. दुपारी ऊन आलं की ती मडकं काढायची, सुतळी ढिली करायची, "जरासाक वारा लागू दे त्याले," म्हणायची, आणि ऊन उतरायच्या आत पुन्हा बांधायची. मागच्या महिन्यात माझ्या नातीनं मोबाइलवर मला कुठल्याशा बर्फाच्या देशातली माणसं दाखवली. ती अशीच घरातल्या अंजिराला गोधड्यांत गुंडाळत होती, वर बादली उपडी घालत होती. नात म्हणाली, "आजी, किती हुशार आहेत ना?" मी म्हटलं, हो.

आणि त्या दोन वर्षांत ताई बोलायची. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं ती बोलायची. भाकरी थापताना, आंबाडी निवडताना, माझी वेणी घालताना. अकोल्याच्या उन्हाळ्यात फरशीवर पाणी ओतून दुपारी झोपतात ते, शेजारची बाई नवऱ्याला कशी हाक मारते ते, तारांगणातली तिनं स्वतःच नावं ठेवलेली नक्षत्रं, वलगावच्या गाईला कोणती पोळी आवडते ते. ती नकला करायची. आमच्या शिपायाची चाल तिनं अशी उचलली होती की आई पदर तोंडाला लावून चुलीपुढून उठून जायची. पावसात टिनाखाली आवाज पोहोचत नसे तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन बोलायची. तिच्या श्वासाला राखेचा आणि लिंबाच्या काडीचा वास असायचा. एकदाच, अशीच वेणी घालता घालता, ती मुलीविषयी बोलली. "बेबीले आंघोळ घातली का पानी वाया नाई जाऊ द्यायचो मी. झाडाच्या बुडाशी टाकायचो, अंजिराच्या. अकरा महिने रोज." वेणीचे पेड घट्ट ओढून ती म्हणाली, "झाड मस्त फोफावलं होतं पुष्पे." मी आरशात तिचा चेहरा शोधला, पण ती माझ्या डोक्याआड होती.

दुसऱ्या वर्षी झाड डब्यात मावेना. सैपाकघराच्या बाहेरच्या अंगाला, जिथं आतून चूल होती तिथं, ताईनं दगडांचा ओटा रचला, आत रोडे-माती भरली, म्हणजे पाणी थांबणार नाही, आणि झाड तिथं लावलं. भिंत आतून दिवसभर गरम राहायची. बाहेरून हात लावला तरी कोमट लागायची. बाबा आता येता-जाता थांबून पाहू लागले होते. एकदा मी त्यांना भिंतीला तळहात लावून उभे असलेले पाहिले. मला पाहून त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

मी मॅट्रिक झाले त्या चैत्रात झाडानं फळ धरलं. पानांच्या बगलेत हिरवी, वाटाण्याएवढी. त्यातली बरीच गळाली, नऊ राहिली. ताईनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या आणि एकेका फळाला बांधल्या, पाखरांपासून आणि वांदरांपासून. झाड माझ्या खांद्याएवढं, आणि त्याला त्या नऊ रंगीत थैल्या. बाबांनी शाळेतल्या दोघा मास्तरांना आणून दाखवलं. "आमच्या वच्छीनं केलं," ते म्हणाले. ताई दाराआड उभी होती. मी तिला इतकी आनंदलेली पुन्हा पाहिली नाही.

वैशाखाच्या शेवटी मला पाहायला मोर्शीचे पाहुणे आले. संत्र्याचे मोठे बगीचे, घरात ट्रॅक्टर. मुलगा शिकलेला होता. पोहे झाल्यावर त्यानं मला विचारलं, "तुम्हाले वाचाले आवडते काय?" आणि मी हो म्हटल्यावर, काय वाचता, हेही विचारलं. एवढंच. पण मला कोणी असं विचारलं नव्हतं. ते लोक गेल्यावर त्या दोन प्रश्नांवर मी आठ दिवस जगले. मोर्शी, ऊन, संत्र्याच्या मोहोराचा वास, कोरडे कपडे. चिखलदऱ्याचं धुकं मला तोवर नकोसं झालं होतं हेही खरं आहे. मुलाच्या आईनं उठता उठता आईला विचारलं होतं, "थोरली माहेरीच राह्यते काय?" आणि आई म्हणाली होती, "नाई वो, आराम कराले आली."

पुढच्या आठवड्यात वलगावहून काका आले. मध्यस्थी तेच करत होते. ओसरीवर बसून त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "पोरगी पसंत हाय त्याइले," ते बाबांना म्हणाले. "पन थोरलीचं इचारतेत. थोरली नांदत नसन, त धाकटीचं काय सांगावं, म्हनतेत. आता तूच सांग दादा, मी काय उत्तर देऊ?" त्या संध्याकाळी बाबांनी दौत काढली आणि अकोल्याला पत्र लिहिलं. ताईसमोरच लिहिलं. पत्ता घालताना त्यांनी तिला घर नंबर विचारला आणि तिनं तो सांगितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागं भांडी घासत होते. ताई झाडाशी थैल्या सोडून फळं चाचपत होती. चार पिकत आली होती, जांभळट, हाताला मऊ. ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हातातली कढई घेऊन स्वतः घासू लागली आणि कढईकडे पाहतच बोलली.

"पुष्पे, एक काम करशीन?"

"काय?"

"बाबाले सांगजो, तुले आत्ता लगीन नाई करायचं. शिकाचं हाय, असं सांगजो. एक वरीस. तू म्हनलं त बाबा आयकते. मंग मले धाडाची घाई नाई करनार ते." ती थांबली. "मले तिथं जमत नाई वं. मी तिथं गेलो का माहा आवाज मले आठवत नाई."

मी राखेत बोटं घोळत बसले. सांगते, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी ते म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. मला त्या मुलाचा चेहरा दिसत होता, काय वाचता असं विचारणारा. मनात आलं, माझंच काय म्हणून? माझं काही होऊ लागलं की हिचं आडवं का यावं? हे मी तेव्हा मनात म्हटलं होतं. आज पंचावन्नहून जास्त वर्षांनी ते खोडून टाकावंसं वाटतं, पण या लेखनात मी खोडाखोड करायची नाही असं ठरवलं आहे.

ताईनं कढई धुतली. पालथी घातली. "बरं," म्हणाली, आणि उठून गेली.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चारच दिवसांनी आले. उंच, गोरे, वाकून चालणारे. वाईट माणूस नव्हता. मी हे नंतर शहाणपण आल्यावर म्हणत नाही, तेव्हाही मला तसंच वाटलं, आणि तेच अवघड होतं. वाईट असते तर बाबांनी पाठवली नसती. ते बाबांशी निकालपत्रांविषयी, आईशी प्रवासाविषयी बोलले. ताई पाण्याचा तांब्या ठेवून गेली तेव्हा त्यांनी वर पाहिलं, ओठ हलले, आणि पुन्हा खाली पाहिलं. जेवताना आईनं कौतुकानं पिकलेली चारही अंजिरं ताटलीत चिरून ठेवली. "वच्छीनं लावलं झाड," ती म्हणाली. भाऊजींनी एक फोड तोंडात घातली. चावता चावता थांबले. "आमच्या घरच्यावानीच हाय," ते आईला म्हणाले. कोणाचं झाड, कुठली कांडी, ते त्यांना कळलं होतं. ताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्यांनी ते तिला सांगायला हवं होतं. आम्ही सगळे, आई, बाबा, मी, श्वास रोखून वाट पाहत होतो, की हे आता मान वळवतील आणि एक वाक्य तिच्याकडे पाहून बोलतील. त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती गेली. आईनं ओटी भरली, सोबत शिदोरी म्हणून धपाटे आणि ठेचा दिला. ताईनं बाबांच्या पाया पडताना नेहमीपेक्षा जास्त वेळ डोकं टेकवून ठेवलं. बाबा नुसतं "सांभाळून राह्यजो" म्हणाले. मला तिनं जवळ घेतलं, तेल लावलेल्या केसांवरून हात फिरवला. रागावली असती तर बरं झालं असतं. गाडी वळणावर गेली, आणि घाटात खाली उतरतानाचा तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. गाडीचा म्हणते मी.

मोर्शीच्या लोकांनी दसऱ्याच्या सुमारास निरोप पाठवला की मुलाचं दुसरीकडे ठरलं. कारण काही दिलं नाही. काका फार ओशाळले. मी पुढं अमरावतीला राहून शिकले, शाळेत नोकरी धरली, आणि लग्नही उशिरा, पण चांगलं झालं. ज्या एका वर्षासाठी ताईनं विनवलं होतं, तशी सात वर्षं मी बिनलग्नाची राहिले आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी पाहिलं तर सैपाकघरामागं बाबा गुडघ्यांवर बसून झाडाला गवत लावत होते. त्यांना ते नीट जमत नव्हतं. सुतळी ते फार आवळून बांधायचे. मी म्हटलं, "बाबा, सैल बांधा, ताई सैल बांधायची." त्यांनी सोडलं आणि पुन्हा बांधलं. त्यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत दर वर्षी ते काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. झाडाला पुढं शंभरावर फळं लागायची. एका वैशाखात बाबा टोपली भरून अंजिरं घेऊन अकोल्याला गेले. घाट, परतवाडा, अमरावती, अकोला, फळं दबू नयेत म्हणून अख्खा प्रवास टोपली मांडीवर. दुसऱ्या दिवशी परतले. आईनं विचारलं, भेटली का? "चहा आनून देल्ला," बाबा म्हणाले. "इचारलं तेवढ्याले मान हालवली. टोपली धुऊन देल्ली वापस." मग ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले आणि आई त्यांच्यापाशी जाऊन बसली. ते घर आम्ही सोडलं त्यानंतर आलेल्या मास्तरांनी झाड तोडलं, वांदरं फार येतात म्हणून. बाबांना हे कोणी सांगितलं नाही.

मी अकोल्याला तिच्याकडे जायचे. वर्षातून एकदा, कधी दोनदा. ती दार उघडायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "बसा." मला, आपल्या धाकट्या बहिणीला. "तुमी चहा घेता का सरबत?" पहिल्यांदा वाटलं थट्टा करते. मी हसले, ती हसली नाही. त्या घरात सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, मागचं अंजीर केव्हा वाळलं कोण जाणे, आणि ती तशीच राहिली, स्वच्छ, नीटनेटकी, पाहुण्यांशी बोलावं तेवढंच बोलणारी. आजारी आहे का म्हणून मी एकदा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, स्वभाव असतो एकेकाचा.

मागच्या वर्षी ती गेली. झोपेत गेली, सुखानं, सगळे म्हणाले. मी तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोहोचले. भेटायला येणारे सकाळीच येऊन गेले होते. भाऊजी सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. नव्वदीला आलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या. मी समोर बसले. तेच आधी म्हणाले, "पुष्पाबाई, आई होती तवा माही हिंमत नाई झाली. हे मी मान्य करतो. आई गेल्यावर मी बोलाले लागलो. रोज बोललो. कोर्टातलं सांगतलं, पेपरातलं सांगतलं, माफीपन मांगतली. थे आयकून घ्यायची. हो म्हनायची, नाई म्हनायची. त्याच्यावर एक शब्द नाई. चाळीस वर्षं." त्यांनी उपरण्याच्या टोकानं नाक पुसलं. "तुमच्याकडं दोन वर्षं होती ना थे, डोंगरावर. तिथं बोलत होती काय?"

"हो," मी म्हटलं. "लई बोलायची."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याहून वाईट म्हणजे उत्सुकता होती, लहान मुलाच्या असते तशी. "काय बोलत होती? सांगा न मले."

मग मी सांगत बसले. शिपायाची नक्कल, शेजारणीची हाक, तिनं नावं ठेवलेली नक्षत्रं, बेबीच्या आंघोळीचं पाणी. ते मधून मधून "हो? असं म्हने काय?" असं विचारत होते. एकदा तर हसलेसुद्धा, आणि हसताना मला तिची नक्कल पुन्हा करायला लावली. दुपार कलली, कोणीतरी चहा आणून ठेवला, तो निवला. मला आठवत होतं ते सगळं मी त्यांना दिलं. कढई घासताना ती माझ्यापाशी काय मागत होती, तेवढं सांगितलं नाही. ते आज इथं लिहिलं.